सावरखिंडीची पाचवी

“वाका गुरुजी, वाका! डोस्कं आपटंल!”

माझ्या सदऱ्याचा शेव ओढत चौथीतली हौसा ओरडली. मी दचकून वर पाहिलं. डोक्यावर फाल्गुनातलं मोकळं आभाळ होतं. एक घार फिरत होती, तीही फार उंच. मैलभरात डोकं आपटावं असं काही नव्हतं. ना फांदी, ना कमान, ना तार. पण माझ्यापुढे वाघजाईची पालखी खांद्यावर घेतलेले चौघे कमरेत वाकले होते, आणि त्यांच्यामागची शंभर-सव्वाशे माणसं, बायकापोरांसकट, माना खाली घालून, पाठी वाकवून चालली होती. त्या सगळ्या रानात ताठ उभा असा मी एकटाच.

मी वाकलो. वीसेक पावलं तसाच चाललो.

“खिंड सरली,” हौसा म्हणाली. “आता व्हा ताठ.”

ही गोष्ट एकाहत्तर सालच्या शिमग्याची. मी तेव्हा पंचविशीत होतो. अक्कलकोटकडचा माणूस, जन्मात डोंगर पाहिलेला नव्हता, तो मी फक्त नकाशातल्या तपकिरी रंगाने शिकवायचो. नोव्हेंबरात माझी बदली या गावी झाली होती. गाव म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या सपाट काळ्या रानात ओळीने बांधलेली साठ घरं. सरकारी कागदावर त्याचं नाव ‘वसाहत नंबर तीन’. माणसं मात्र सांगायची सावरखिंड. मूळ सावरखिंड दूर सह्याद्रीच्या कुशीत होतं. धरण झालं, पाणी चढलं आणि गाव उठवून इथे आणलं, त्याला बारा वर्षं झाली होती. माझ्या वर्गातली सगळी मुलं इथेच जन्मलेली. डोंगर त्यांनीही माझ्याइतकाच पाहिला होता.

पालखी पुढे निघाली. ज्वारी काढून घेतलेलं एक रान लागलं आणि चौघांची चाल एकदम जड झाली. एकाने दुसऱ्याला खांदा दिला. म्हातारे धापा टाकू लागले.

“दमानं रं, दमानं! चढ हाय!” पुढून धाकू आबा शेलार ओरडले. हे हौसाचे आजोबा, तिच्या आईचे वडील, आणि गावातले जाणते. सत्तरीचे, काटक, हातात सदा एक वेताची काठी.

चढ संपल्यावर एका कोरड्या पट्ट्याशी सगळ्या बायकांनी लुगडी वीतभर वर धरली आणि पाय उचलून टाकत पलीकडे गेल्या. पाण्याचा थेंब नव्हता. हा ओढा होता, असं मला हौसाने सांगितलं.

मला हसू आवरेना. मी उपरणं तोंडाला लावलं, पण धाकू आबांनी पाहिलंच.

“हसू आलं व्हय गुरुजी?”

“नाही आबा. म्हणजे… थोडं आलं.”

“येऊ द्या की. पयल्या वर्साला आमाला पन आलं व्हतं.” काठी टेकत ते चार पावलं चालले. “दुसऱ्या वर्साला न्हाई आलं.”

त्या दिवशी मला हसण्यापेक्षा काळजी जास्त होती. खिशात एक पत्र होतं. शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी अष्टेकर साहेब पंधरा दिवसांनी तपासणीला येणार होते. शाळा तेव्हा चौथीपर्यंतच, वाघजाईच्या देवळापुढच्या मांडवात भरणारी, आणि शिक्षक मी एकटा. पुढचा वर्ग दोन कोसांवरच्या कासारनिंबगावात. मुलगे चालत जायचे. मुलगी मात्र त्या गावातून आजवर एकही चौथीपुढे गेली नव्हती. गावाने पाचवीसाठी अर्ज केला होता आणि साहेबांनी कळवलं होतं, की चौथीची तपासणी चांगली झाली तरच शिफारस करीन.

चौथीत एकोणीस मुलं होती. त्यांत आठ मुली, आणि त्या आठांत हौसा. गणितात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिची आई कोंडाबाई पालखीच्या मागून चालत माझ्याजवळ आली आणि पदर सावरत म्हणाली, “गुरुजी, खरं सांगा. हुईल का पाचवी?”

“होईल असं वाटतंय.”

“वाटून कसं चालंल? हितं झाली तर शिकंल पोरगी. न्हाई झाली तर तिच्या चुलत्यानं सोयरीक बगून ठिवलीया. तिला बा न्हाई, मला त्येच्या म्होरं बोलता येत न्हाई.”

हौसा पुढे चालली होती. तिने ऐकलं की नाही कळलं नाही. पण तिने मागे वळून मात्र पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी चौथीची सराव परीक्षा घेतली. गणित उत्तम. वाचन उत्तम. मग भूगोलाच्या पाट्या तपासायला घेतल्या. प्रश्न सोपा होता : आपल्या गावाचे वर्णन करा. एकोणीसच्या एकोणीस पाट्यांवर लिहिलं होतं, गावाच्या पश्चिमेस उंच कडा आहे. उत्तरेस खिंड आहे. कड्यावरून ओढा खाली येतो. एकाने तर धबधबाही लिहिला होता.

“किसन्या, ऊठ. धबधबा कुठे आहे रे आपल्या गावात?”

“त्यो काय, मारुती जंगमाच्या रानात.”

“तिथे तर हरभरा आहे.”

“व्हय गुरुजी. धबधब्यात हरभराच येतो. तूर न्हाई येत.”

वर्ग हसला नाही. हसण्यासारखं त्यात कुणाला काही वाटलंच नाही. मीच कपाळाला हात लावला. तेव्हा मला कळलं, की सावरखिंडीच्या लोकांनी येताना भांडीकुंडी, देव आणि गुरं यांच्याबरोबर सगळी नावंही आणली होती. जमीन वाटून घेताना त्यांनी जुन्या गावाची मांडणी धरली. जो कड्याखाली राहायचा, त्याने पश्चिमेचं रान घेतलं. जो खिंडीपाशी, त्याने उत्तरेचं. आणि त्या सपाट रानाला जुन्या जागेचं नाव ठेवून दिलं. मोठी माणसं दोन्ही जागा मनात वेगळ्या ठेवू शकत होती. मुलांपाशी मात्र एकच गाव होतं.

साहेबांपुढे हे चालणार नव्हतं. मी ठरवलं, पंधरा दिवसांत हे सगळं काढून टाकायचं.

मी फळ्यावर गावाचा खरा नकाशा काढला. शेतांना गट नंबर घातले. मुलांकडून रोज दहा वेळा म्हणवून घेतलं : आमचे गाव सपाट मैदानावर वसले आहे. आमच्या गावात डोंगर नाही. आमच्या गावात खिंड नाही. ज्याच्या तोंडून ‘कडा’ निघेल त्याला उठाबशा. पाट्यांवरची जुनी नावं मी ओल्या फडक्याने पुसायला लावली. एवढंच नव्हे, पुस्तकात भूरूपांचा एक धडा होता; डोंगर, दरी, खिंड, पठार. तो वाचला तर मुलांचा पुन्हा घोळ होईल, या भीतीने मी तो धडाच गाळला.

धाकू आबा एकदा मांडवाच्या खांबाला टेकून हे ऐकत उभे होते. मी ओशाळलो. म्हणालो, “आबा, राग मानू नका. पाचवीसाठी करतोय. तपासणी झाली की मग तुमची नावं आहेतच.”

“राग कशाचा?” ते म्हणाले. “पुसा की गुरुजी. धरणाच्या पाण्यानं पुसलं न्हाई, तुमचं फडकं काय पुसतंय.” मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, “तुमी हितल्याच मुलखातले. आमी यायच्या आदी त्या पश्चिमेच्या रानाला काय म्हनत व्हते वो?”

मी कासारनिंबगावात चौकशी केलेली होती. “चोपण म्हणायचे. मिठाची जमीन आहे ना ती.”

“चोपण,” ते म्हणाले. नाव तोंडात घोळवून पाहिल्यासारखं त्यांनी दोनदा म्हटलं. “त्येंचंबी नाव हाय म्हना की. ठिवा ध्यानात. तुमी दोनी ठिवा.”

तपासणीला चार दिवस उरले होते. दुपारची वेळ, मुलं तीच ती वाक्यं म्हणून कंटाळलेली. मी माझा जुना अॅटलास काढला. मनात हेतू असा, की अशी नावं उचलून नेणारी दुसरी माणसंही कशी फसतात ते मुलांना सांगावं. म्हणजे खोड मोडेल.

“हा बघा न्यूझीलंड देश,” मी म्हणालो. “आणि हे पार इकडे, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, स्कॉटलंड. सव्वाशे वर्षांपूर्वी इथली माणसं बोटींत बसून तीन-चार महिने समुद्रातून तिकडे गेली. नवं शहर वसवलं. त्यांच्या राजधानीचं नाव एडिंबरो. त्यांच्या जुन्या गेलिक बोलीत त्या शहराला जे म्हणतात, त्यावरून नव्या शहराचं नाव ठेवलं डनेडिन. एडिंबरोची नदी लीथ, म्हणून डनेडिनच्या ओढ्यालाही लीथ. रस्त्यांची नावंसुद्धा एडिंबरोचीच.”

“समदी?” किसन्याने विचारलं.

“बरीचशी. आणि गंमत ऐका. रस्ते आखले कागदावर, सरळ पट्टीने. पण जागा सगळी टेकड्यांची. त्यामुळे काही रस्ते सरळ टेकडीच्या अंगावरच चढतात. इतके उभे, की चालताना माणसाची छाती भरून येते.”

मुलं खदखदून हसली. किसन्या म्हणाला, “म्हंजी ती मानसं सरळ रेघा घिऊन चढ चढत्यात, आन आमी सपाटीवर चढतो!”

“आन त्या जागंला आदी नाव न्हवतं व्हय?” मागून एकाने विचारलं.

“होतं. तिथे माओरी लोक राहायचे. ते म्हणायचे ओटेपोटी.”

यावर तर वर्ग लोळायचा बाकी राहिला. पोट धरून सगळे ‘ओटेपोटी, ओटेपोटी’ करू लागले. मलाही बरं वाटलं. वाटलं, औषध लागू पडलं.

हौसा हसत नव्हती. ती अॅटलासवर वाकून त्या दोन ठिपक्यांकडे बघत होती. एक बोट स्कॉटलंडवर, दुसरं न्यूझीलंडवर.

“गुरुजी, त्येंचं जुनं गाव पान्यात गेलं व्हतं का?”

“नाही गं. एडिंबरो आहे अजून. मोठं शहर आहे.”

“मग मागं गाव हाय, घरं हायती, लोक हायती. तरी त्येंनी नाव नेलं?”

“नेलं.”

“आन आमी ठिवलं तर चूक?”

शिक्षकाला उत्तर सुचलं नाही की तो घंटा वाजवतो. मी घंटा वाजवली.

तपासणीच्या दिवशी अष्टेकर साहेब सकाळी नऊला सायकलवरून आले. पँटीला क्लिपा लावलेल्या, घामाने सदरा भिजलेला. ते बोलायला कमी आणि लिहायला फार. गावाने मांडव सारवून घेतला होता. कोंडाबाई आणि आणखी चार-पाच बाया देवळामागे उगाचच काहीबाही निवडत बसल्या होत्या. त्यांचा जीव मांडवात होता.

वाचन झालं. साहेबांनी मान डोलावली. गणित झालं. हौसाने तोंडी हिशेब असा झटपट केला, की साहेबांनी वर पाहिलं आणि तिचं नाव विचारून घेतलं. मग भूगोल.

“आपल्या गावाचं वर्णन कोण करील?”

एकोणीस हात वर. एकोणीस तोंडं एकदम : “आमचे गाव सपाट मैदानावर वसले आहे. आमच्या गावात डोंगर नाही…”

साहेब थोडे कंटाळलेले दिसले. त्यांनी पुस्तक उघडलं. “बरं. खिंड म्हणजे काय?”

देवळामागचं सूप थांबलं.

“तू सांग. तू? कडा कशाला म्हणतात? दरी?”

एकही हात वर झाला नाही. एकोणीस जोडी डोळे माझ्याकडे लागले होते. त्यांच्या तोंडावर गोंधळ नव्हता. ती गप्प बसली होती, माझ्या शब्दाखातर. मी नाही म्हणून सांगितलं होतं, आणि ती माझी मुलं होती.

“उंबरजे गुरुजी, हा धडा झाला नाही?”

“नाही साहेब,” मी म्हणालो. “मी घेतला नाही.”

साहेबांनी टोपण काढलं आणि वहीत लिहायला लागले. पेन कागदावर करकरत होतं. मला कोंडाबाईचा चेहरा आठवला आणि त्या चुलत्याचा, ज्याच्याशी मी कधी बोललोही नव्हतो.

हौसा उठून उभी राहिली. साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघून तिने विचारलं, “गुरुजी, पुसलेलं सांगू का?”

पेन थांबलं. मी मान डोलावली.

“साहेब, दोन डोंगर जवळ येत्यात, त्येंच्या मधनं एकच मानूस जाईल येवढी वाट ऱ्हाती, ती खिंड. आमच्या खिंडीत वरनं एक धोंडा म्होरं आलाय. वाकावं लागतं. वारा तितं कायम असतोय, कारन दोनी अंगानं त्येला अडवल्यालं असतं, मग त्यो सगळा तिथनंच घुसतो. खिंडीच्या ह्या अंगाला पाऊस ज्यादा. त्या अंगाला कमी. ढग आदी ह्या अंगाला अडकत्यात म्हनून.”

साहेबांनी वही मिटली. “पाठ केलंस?”

“न्हाई.”

“मग कुठे पाहिलीस खिंड?”

“पाहिली न्हाई साहेब. चालले.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग मी सगळं सांगितलं. पालखी, नावं, पाट्या, फडकं, गाळलेला धडा. काही लपवलं नाही. सांगताना मला वाटलं, आता पाचवी तर गेलीच, नोकरीही जाते.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग ते मुलांना म्हणाले, “तुमच्यातली सहा जण पुढे या. तू, तू, तू…” हौसाला त्यांनी मुद्दाम वगळलं. मांडवाबाहेरच्या धुळीत त्यांनी सहा मुलांना एकमेकांकडे पाठ करून, लांब लांब बसवलं. प्रत्येकाच्या हाती एक काडी दिली. “बोलायचं नाही. बघायचं नाही. तुमचं गाव काढा. हे नाही. ते.”

मुलं काढू लागली. बायका देवळामागून पुढे आल्या. रानातली माणसं बांधावर येऊन उभी राहिली. मी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे फिरत होतो. सहा पोरं. एकानेही ते गाव पाहिलेलं नाही. सहाही चित्रांत कडा पश्चिमेला, खिंड उत्तरेला. ओढा कड्यावरून निघून देवळाला वळसा घालून जात होता आणि सहाही जणांनी तो त्याच जागी दोनदा वाकडा केला होता. किसन्याने तर कुणाचं जोतं उंच, कुणाचं खाली, तेही दाखवलं होतं. मी इतके दिवस नकाशे शिकवत होतो. मुलांच्या पायांतून नकाशा उतरलेला मी पहिल्यांदा पाहत होतो.

साहेब प्रत्येक चित्राशी उकिडवे बसून बघत होते. पायाला धूळ लागत होती, त्याचं त्यांना भान नव्हतं.

“समदं बराबर हाय,” धाकू आबा म्हणाले. ते कधी आले कळलं नव्हतं. ते काठी घेऊन सहाही चित्रांवरून फिरले. “एक ऱ्हायलंय. वाघजाईच्या मागनं खाली जानारी वाट.”

मुलं एकमेकांकडे बघू लागली. हौसा म्हणाली, “आबा, देवळामागनं वाट कुठली? पालखी कदी गेलीच न्हाई तिकडनं.”

कोंडाबाईने डोळ्यांना पदर लावला.

“जात न्हाई,” आबा म्हणाले. “त्या वाटंनं आमी निगालो पोरी. गाडीत सामान घातलं, देव घातला, आन त्या वाटंनं खाली उतरलो. तवाच ठरवलं, ती तेवडी चालायची न्हाई. पोरांना दावायची न्हाई.”

“मग ती वाट कुठं जाती?” हौसाने विचारलं.

आबांनी काठीचं टोक किसन्याच्या चित्रातल्या देवळामागे टेकवलं. मग त्यांनी रेघ ओढायला सुरुवात केली. चित्राच्या बाहेर आणली, धुळीतून लांब नेली, आमच्या सगळ्यांच्या पायांमधून, आणि मांडवाच्या पायरीशी आणून थांबवली.

“ही काय,” ते म्हणाले. “हितं येती.”

साहेब उठले. धूळ झटकली. वहीतला मघाचा शेरा त्यांनी एका रेघेने खोडला आणि खाली दोन वाक्यं लिहून वही माझ्या हाती दिली. ‘भूगोल : शिक्षकांनी धडा शिकविलेला नाही. मुलांना येतो.’

सायकलवर बसताना ते मला म्हणाले, “गुरुजी, एक करा. जूनमध्ये तो धडा घ्या. पण पुस्तकातून घेऊ नका.”

जूनमध्ये पाचवी मंजूर झाल्याचं पत्र आलं. खोली मात्र गावाने बांधायची होती, कारण मांडवात जागा नव्हती. सडकेलगतचा एक तुकडा मोकळा होता. माणसांनी श्रमदान केलं. दगड वाहिले, माती कालवली, बायकांनी भिंती लिंपल्या. मीही चिखल तुडवला. तिसऱ्या आठवड्यात छपरावर पत्रे चढले.

वर्ग उघडायच्या आदल्या सायंकाळी धाकू आबा माझ्याकडे आले. चेहऱ्यावर पेच होता.

“गुरुजी, एक घोटाळा झालाय.”

“काय झालं?”

“ह्या जागंला नाव न्हाई. आमच्या त्या गावात शाळाच न्हवती. मग हिचं नाव कुठनं आनायचं? आमच्यापाशी व्हती तेवडी समदी नावं लावून झाली.”

“मग नवं ठेवा.”

“त्येच तर न्हाई जमत. आमाला सवयच न्हाई वो. आमच्या गावातली नावं कुनी ठिवली, कुनाला ठावं? ती व्हतीच. नाव ठिवत्यात कसं?” मग घाबरत घाबरत ते म्हणाले, “तुमचं देऊ का?”

“मुळीच नको,” मी म्हणालो. “ज्याने धडा गाळला त्याचं नाव शाळेला?”

ते खळखळून हसले. पण पेच सुटला नाही. गावात रात्री जेवणानंतर चर्चा झाली म्हणे. देवाचं, पुढाऱ्याचं, धरणाचं, अशी बरीच नावं निघाली आणि पडली.

सकाळी मी आणि आबा नव्या खोलीच्या दाराशी उभे होतो. मुलं यायला लागली होती. एकोणिसांतली सतरा जण आली. त्यांत आठही मुली. हौसा सगळ्यांत शेवटी आली, कारण ती धावत नव्हती. धुतलेलं परकर-पोलकं, तेल लावून चापून बसवलेले केस, छातीशी पाटी. एकेक पाऊल असं टाकत होती, की जणू खाली काही सांडेल.

सडकेपलीकडच्या बांधावर तिचा चुलता उभा होता. त्याने हाक मारली, “हौसे, कुठं निगालीस गं सकाळच्या पारी?”

“पाचवीत,” ती म्हणाली आणि आत गेली.

चुलत्याने खांद्यावरचं खोरं दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि तो रानाकडे वळला. मागून कोंडाबाई डोक्यावर रिकामी पाटी घेऊन गवताला निघाली होती. तिच्याबरोबरच्या बाईने तिला विचारलं, “कुठल्या अंगाला जायाचं?”

“हितं पाचवीच्या पल्याड,” कोंडाबाई चालता चालता म्हणाली. “पाचवीपासनं खाली, बांधानं. चांगलं दाट हाय.”

दोघी निघून गेल्या. दुसऱ्या बाईने पाचवी कुठली म्हणून विचारलं नाही. तिला कळलं होतं.

धाकू आबांनी माझ्या दंडाला धरलं.

“ऐकलंत?” ते हळूच म्हणाले. “झालं बगा गुरुजी. असं ठिवत्यात व्हय नाव.”

आत मुलं हजेरीसाठी थांबली होती. मी आत गेलो.